मनगटावरचा आकडा, पाठीवरची हवा

नौदलातून १२ जानेवारी २०२४ रोजी निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी बसवायची आणि तिथे पाण्याखालचे संग्रहालय उभारायचे, अशी राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची योजना आहे. तसे झाले की कोकण किनाऱ्यावर वेगळ्या प्रकारचा डायव्हर येऊ लागेल. आज मालवण-तारकर्लीला येणारा बहुतेक पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली जातो, मासे पाहतो, फोटो काढून घेतो आणि वर येतो. त्याच्या टाकीत किती हवा उरली आहे याची चिंता प्रशिक्षकाने करायची असते. बुडवलेले जहाज पाहायला जाणारा मात्र प्रशिक्षण घेतलेला, अधिक खोल जाणारा आणि स्वतःची हवा स्वतः मोजणारा असतो. अशा हौशी डायव्हरच्या मनगटावर हल्ली घड्याळाएवढा संगणक दिसतो. तो खोली आणि वेळ तर सांगतोच, शिवाय पाठीवरच्या टाकीतला दाबही कोणत्याही नळीशिवाय, बिनतारी संदेशाने दाखवतो.

त्या आकड्यावर किती विसंबायचे, हा प्रश्न वरवर इलेक्ट्रॉनिक्सचा वाटतो. डॉक्टर म्हणून मला तो फुप्फुसांचा आणि मेंदूचा वाटतो.

हौशी स्कूबा डायव्हिंगमधल्या मृत्यूंचा सर्वांत परिचित अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ मृत्यूंची त्यात छाननी होती. ज्या प्रकरणांत अपघाताची पहिली ठिणगी कोणती हे ठरवता आले, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ती ‘हवा अपुरी पडणे’ ही होती. उपकरण बिघडण्याचा वाटा १५ टक्के होता. म्हणजे टाकी धड, रेग्युलेटर धड, फक्त हवा संपत आली आणि माणसाला ते वेळेवर कळले नाही, किंवा कळूनही तो वर निघाला नाही. हवा संपल्यावर माणूस घाबरून वर झेपावतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे श्वास भरून घेतला आणि रोखून धरत वर आले, तर छातीतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसे पूर्ण भरलेली असतील तर जेमतेम एक-दीड मीटर वर येतानाही ती फाटू शकतात. फाटलेल्या जागेतून हवेचे बुडबुडे रक्तात शिरून थेट मेंदूकडे जातात. पृष्ठभागावर आल्यावर काही मिनिटांतच शुद्ध हरपलेला तरुण माणूस हे त्याचे नेहमीचे चित्र. याच अभ्यासात शेवटच्या घातक इजांमध्ये गुदमरण्याच्या खालोखाल या बुडबुड्यांचाच क्रमांक होता.

हवेचा हिशेब अवघड नाही. रुग्णालयात तो आम्ही नेहमीच करतो. भरलेल्या जंबो सिलेंडरमध्ये सुमारे ७ हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर दिला तर साधारण साडेअकरा तास पुरतो. रुग्णवाहिकेतून दुसऱ्या गावी रुग्ण पाठवताना हाच हिशेब छोट्या सिलेंडरचा करावा लागतो, आणि तो चुकला तर काय होते हे कोविडच्या काळात सगळ्यांनीच पाहिले. डायव्हरची नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची असते. २०० बार दाबाला तिच्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस २० मीटर खोलीवर ६० लिटर खर्च करतो, कारण तिथे दाब तिप्पट असतो. म्हणजे पूर्ण टाकी ३५-३७ मिनिटांची. ५० बार शिल्लक ठेवून वर यायचे, असे शिकवले जाते. ती शिल्लक सुमारे ५५० लिटरची, शांतपणे श्वास घेणाऱ्याला तिथे नऊ मिनिटे पुरणारी. पण जोडीदाराची हवा संपली, दोघे एकाच टाकीवर आले आणि दोघेही धापा टाकू लागले, तर तीच शिल्लक सव्वादोन मिनिटांत संपते. २० मीटरवरून सुरक्षित वेगाने वर यायलाच दोन मिनिटांहून जास्त लागतात.

म्हणून दाबाचा आकडा महत्त्वाचा. पूर्वीपासून तो दाखवणारे साधन म्हणजे जाड रबरी नळीच्या टोकाला लटकणारे काटेवाले गेज. आत पितळी पोकळ वळी असते, दाबाने ती किंचित उलगडते आणि काटा फिरतो. ऑक्सिजन सिलेंडरवरचे गेज याच तत्त्वावर चालते. बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही. नव्या पद्धतीत रेग्युलेटरच्या उच्च दाबाच्या छिद्रावर अंगठ्याएवढा ट्रान्समीटर आटे फिरवून बसवतात. त्यात दाबाचा सेन्सर आणि एक लिथियम बॅटरी असते. दर चार-पाच सेकंदांनी तो आकडा पाठवतो, मनगटावरचे घड्याळ तो उचलते. अशी पहिली यंत्रे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली. म्हणजे कल्पना नवी नाही, फक्त आता ती स्वस्त आणि देखणी झाली आहे.

पाण्यात संदेश पाठवणे ही खरी अडचण आहे. ब्लूटूथच्या लहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरतात. त्यामुळे बहुतेक ट्रान्समीटर अगदी कमी कंपनसंख्येच्या चुंबकीय क्षेत्राचा वापर करतात. ते पाण्यातून आणि शरीरातून जाते, पण अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होते. अंतर दुप्पट झाले की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून पल्ला साधारण दीड मीटरचाच. ट्रान्समीटर मानेमागे उजवीकडे, घड्याळ डाव्या मनगटावर आणि हात पुढे ताणलेला, एवढ्याने संदेश तुटू शकतो. घड्याळातल्या अँटेनाचे तोंड कुठे आहे यानेही फरक पडतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश चार्ज होत असेल किंवा जवळ पाण्याखालची स्कूटर चालू असेल, तरी गोंधळ होतो. गार्मिनसारख्या कंपनीने यावर ध्वनिलहरींचा मार्ग धरला. त्याचा पल्ला सुमारे दहा मीटर, जोडीदाराची टाकीही त्यात दिसते. पण आवाजालाही हवेचा पडदा आडवा येतो, आणि डायव्हरभोवती बुडबुड्यांची कमतरता नसते.

मग ही यंत्रे अविश्वसनीय म्हणायची का? माझे मत तसे नाही. संदेश अर्धा मिनिट तुटला तर नुकसान किती, ते वरच्याच हिशेबाने काढता येते. २० मीटरवर शांत डायव्हर मिनिटाला साडेपाच बार खर्च करतो. म्हणजे अर्ध्या मिनिटात तीन बार. कोणतेही गेज तेवढे अचूक असेल अशी अपेक्षा मुळात कोणी धरू नये. पाच मिनिटे आकडा आला नाही तर सत्तावीस बार, आणि तेही श्वास शांत असेल तर. इथे मामला बदलतो.

खरा फरक बिघाडाच्या जातीत आहे. काटेवाले गेज क्वचित बिघडते, पण बिघडले तर कधीकधी गुपचूप. काटा २०-३० बारवर अडकून बसतो आणि टाकी रिकामी झाली तरी तिथेच राहतो. बिनतारी यंत्र वरचेवर, थोड्या वेळासाठी आणि बहुधा उघडपणे बिघडते; पडद्यावर रेघा येतात. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरचा अनुभव आता घरोघरी आहे. बोटे गार पडली की आकडा जातो आणि रेघा येतात, तेव्हा नर्स बोट बदलते, कोणी फसत नाही. फसवतो तो खरा वाटणारा पण खरा नसलेला आकडा. म्हणून घड्याळ विकत घेताना पडदा किती सुंदर आहे यापेक्षा, संपर्क तुटल्यावर ते काय दाखवते, हे आधी विचारावे. काही घड्याळे शेवटचा आकडा थोडा वेळ तसाच ठेवतात. तो किती वेळ राहतो आणि शिळा झाला हे कोणत्या खुणेने कळते, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका वाचणारे थोडेच.

त्याच पडद्यावर ‘हवा आणखी किती मिनिटे पुरेल’ असाही एक आकडा असतो. दाब मोजलेला असतो, ही मिनिटे मात्र गेल्या थोड्या वेळातल्या श्वासांवरून काढलेला अंदाज. प्रवाहाविरुद्ध पोहावे लागले की पंधराची सहा होतात. हा अंदाज बघून बेत आखणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

एक बारकावा प्रशिक्षकांनी तरी पोटतिडकीने शिकवायला हवा. टाकीचा व्हॉल्व्ह कुणीतरी उघडून पुन्हा बंद केला, किंवा जेमतेम अर्धा फेरा उघडला, तर गेज तरीही २०० बार दाखवते, कारण तेवढा दाब नळीत कोंडलेला असतो. काट्याकडे पाहत चार श्वास घेतले की दर श्वासाला काटा खाली झुकतो आणि चोरी पकडली जाते. पाच सेकंदांनी बदलणाऱ्या आकड्यात ही थरथर दिसेलच असे नाही. जमिनीवर, पृष्ठभागावर सगळे ठीक वाटते. खोलीवर गेल्यावर, जास्त हवा लागू लागली की श्वास ओढावा लागतो. बिनतारी यंत्र वापरणाऱ्याने बोटीवर चारऐवजी आठ-दहा सावकाश श्वास घेऊन आकडा पाहावा, आणि व्हॉल्व्ह हाताने तपासावा. रुग्णालयातही सिलेंडर जोडल्यावर चावी पूर्ण फिरली आहे का हे हातानेच पाहतात.

जोडणीचाही घोळ असतो. प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा क्रमांक असतो आणि घड्याळ त्या क्रमांकाशी जोडावे लागते. भाड्याने मिळणाऱ्या, दहा हातांतून फिरलेल्या सामानात ही जोडणी दुसऱ्याच टाकीशी झालेली असू शकते. शिवाय लिथियम बॅटरीची गंमत अशी की ती शेवटपर्यंत ताठ उभी असते आणि मग एकाएकी कोसळते, त्यामुळे काल चालली म्हणून आज चालेल हा हिशेब तिला लागू नाही. ट्रान्समीटरला मूठ समजून टाकी उचलणारे बोटीवरचे मदतनीस हा आणखी एक स्वतंत्र विषय.

कंपन्यांच्या हातूनही चुका झाल्या आहेत. फिनलंडच्या सुंटो कंपनीने काही वर्षांपूर्वी टाकीवर बसवायचे आपले ट्रान्समीटर परत मागवले. आवरण दाबाने फुटून इजा होण्याचा धोका होता. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत उवाटेकचा ‘अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स’ हा बिनतारी संगणक परत मागवण्यात आला. त्याचा दोष दाबाच्या आकड्यात नव्हता. दोन डाइव्हमधल्या विश्रांतीत शरीरातला नायट्रोजन किती निघून गेला, या गणितात होता. मनगटावर खोली, वेळ, नायट्रोजन आणि हवा हे सगळे एकाच खुंटीला टांगले की ती खुंटी निघाल्यावर काय, हा विचार इथे येतो. बहुतेक रेग्युलेटरना उच्च दाबाची दोन छिद्रे असतात. एकावर ट्रान्समीटर आणि दुसऱ्यावर जुने काटेवाले गेज ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जहाजाच्या पोटात शिरणाऱ्यांनी तर नक्कीच. नळी अडकते, अंगावर पसारा होतो, ही तक्रार खरी आहे, पण तेवढी सोसावी. आणि दुसरे गेज नसेल, तर आकडा गेल्यावर दुसरा पर्याय उरत नाही. जोडीदाराला खूण करायची आणि सावकाश वर यायचे. पैसे भरून बोटीने इतक्या लांब आल्यावर हे जिवावर येते, हे मला कळते.

आपल्याकडे याहून साध्या गोष्टी अजून बाकी आहेत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. तिथे प्रश्न पाण्याखालच्या यंत्रांचा नव्हता, बोटीचा आणि लाइफ जॅकेटचा होता. त्यामुळे महागड्या घड्याळाने किनारा सुरक्षित होईल असे कोणी समजू नये. बुडबुड्यांच्या आजारावरचा खरा उपचार म्हणजे दाबकक्षात ठेवून ऑक्सिजन देणे, आणि अशी सोय मोजक्या ठिकाणीच आहे. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाशी जोडलेली नौदल वैद्यक संस्था या विषयातली जाणती आहे, पण मालवणहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. गुलदारच्या निमित्ताने येणाऱ्या पैशातून बोटीबोटीवर ऑक्सिजन, आणि सिंधुदुर्गातल्या सरकारी डॉक्टरांना या आजाराचे प्रशिक्षण, एवढे तरी आधी व्हावे.

तोवर किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला लक्षात ठेवता येईल असे एवढेच. वर आल्यावर कोणाला चक्कर, हातापायात बधिरपणा, छातीत दुखणे, बोबडी वळणे असे काही झाले, तर त्याला आडवे झोपवा, चालवू नका, शुद्ध ऑक्सिजन लावा आणि लगेच रुग्णालयात हलवा. पुन्हा पाण्यात नेऊन ‘बरे करण्याचा’ प्रयोग करू नका. त्याच्यासोबत त्याचे घड्याळही पाठवा. त्यात तो किती खोल गेला, किती वेगाने वर आला आणि त्या क्षणी टाकीत किती हवा होती, याची नोंद असते. वर झेपावण्याआधी हवा संपली होती की नाही, हे बेशुद्ध रुग्ण सांगू शकत नाही. घड्याळ सांगू शकते. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करताना किती फेरे फिरवावे लागले, तेही कागदावर लिहून द्या.