जिभेची साक्ष

मागच्या भाद्रपदात पुण्याची आत्या रहिमतपूरच्या आमच्या घरी आली, ती पिशवीत चार फळे घेऊन. कमंडलू नदीकाठच्या या गावात पेरू, सीताफळे, बोरे यांची कोणास नवलाई नाही. परंतु ही फळे पाहताच घरातील सारी मुले स्वयंपाकघरात जमली. गडद गुलाबी साल, तिच्यावर हिरव्या टोकांचे खवले, आणि नाव ड्रॅगन फळ! किंमत ऐकून आजीने तर फळ हाती घेण्यापूर्वी पदराला हात पुसले.

फळ चिरले. आत पांढराशुभ्र गर आणि त्यात तिळाहून बारीक काळे दाणे. मुलांनी फोडी तोंडात टाकल्या न टाकल्या तोच एका सुरात सांगितले, "फारच छान!" सर्वांत धाकटा मात्र फोड तोंडात घोळवीत राहिला आणि म्हणाला, "काकडीला साखर लावल्यासारखे लागते." सगळे हसले. मला वाटते, त्या दिवशी फळ खाल्ले ते त्या एकट्यानेच. इतरांनी खाल्ली ती त्याची किंमत.

नवे फळ घरी आणण्यास माझा मुळीच विरोध नाही. परके म्हणून फळ नाकारावयाचे ठरविले, तर आपली अर्धी टोपली रिकामी होईल. पेरू, पपई, अननस, सीताफळ, रामफळ, चिकू ही सर्व मूळची अमेरिका खंडातील. १४९३ साली कोलंबसाने कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर प्रथम अननस पाहिला. पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्या किनाऱ्याला लागला. सीताफळाला तर आपण सीतामाईचे नाव देऊन घरचेच करून टाकले.

नावाची जादू काही लहान नसते. चीनमधील एका फळाचे बी १९०४ साली न्यूझीलंडमध्ये नेण्यात आले. तेथे ते उत्तम वाढले. मात्र व्यापाऱ्यांना त्याचे जुने नाव सोयीचे वाटेना. म्हणून १९५९ साली त्यांनी तेथील एका पक्ष्यावरून त्याला 'किवी' म्हटले, आणि त्याच नावाने ते जगभर गेले. ड्रॅगन फळालाही २०२१ साली गुजरात सरकारने 'कमलम्' असे नाव दिले. नावे बदलली, चव होती तीच राहिली.

हे ड्रॅगन फळ आता दूरदेशाहूनच यावे लागते असेही नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जतसारख्या दुष्काळी तालुक्यात, शेतकरी सिमेंटच्या खांबांवर त्याचे वेल चढवितात. ते निवडुंगाच्या कुळातील असल्यामुळे त्याला थोडे पाणी पुरते. त्याचे मोठे पांढरे फूल रात्री उमलते व सकाळी मिटून जाते. आपल्या माळावरचा फड्या निवडुंग हा त्याचा भाऊबंदच, आणि तोही अमेरिकेतूनच आलेला! त्याची लाल बोंडे दगडावर घासून, बारीक कुसे काढून आम्ही लहानपणी खात असू आणि रंगलेली जीभ घेऊन घरी येत असू. (कुसे नीट न निघाल्यास काय होते, ते सांगत नाही.) एक भाऊ कागदात गुंडाळून येतो, दुसऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पिकते तेथे विकत नाही, हेच खरे.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की किंमत आणि नाव ऐकण्यापूर्वी फळ चाखावे. डोळे मिटावेत, पहिली फोड नाक चिमटीत धरून खावी, दुसरी नाक मोकळे सोडून. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो, हे तत्काळ कळते. मग जे वाटले ते दुसऱ्याचे न ऐकता पाटीवर लिहावे.

माघात, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, आम्ही तसेच केले. आमच्या परसात कवठाचे एक जुने झाड आहे. आजीने एक कवठ जमिनीवर टाकून पाहिले. ते उसळले नाही, म्हणजे पिकले होते. फोडून तपकिरी गरात गूळ कालविला आणि डोळे मिटलेल्या मुलांच्या हातावर चमचा चमचा घातला. एकाने लिहिले, "आंबट, मग गोड, शेवटी तुरट." दुसरीने लिहिले, "वास फार मोठा आहे." धाकट्याने विचारले, "हे कोणत्या देशाचे?"

ते याच देशाचे. आणि हल्ली बाजारात ड्रॅगन फळापेक्षा कवठ शोधणे कठीण झाले आहे. परसातले ते झाड तोडून तेथे मोटारीसाठी छप्पर घालावे, असा विचार दोन वर्षांपासून घरात चालू आहे. त्या दिवशी सायंकाळी तो विषय पुन्हा निघाला. आजीने काही न बोलता तिन्ही पाट्या वडिलांसमोर ठेवल्या. छपराचे काम अद्याप सुरू झालेले नाही.