मुलाखत ग्रंथपालाची, हिशेब अनुदानाचा

बीड - ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात निघालेल्या तरुणापुढे बीड जिल्ह्यात दोन दारे असतात. एका दारावर शासनाची पाटी आहे. तेथे जागा मोजक्या असून मुलाखत जवळपास इतिहासजमा झाली आहे. दुसरे दार संस्थांनी चालविलेल्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे. तेथे मुलाखत आजही होते आणि अध्यक्ष, कार्यवाह व दोन-चार संचालक ती रीतसर घेतात. मात्र, ज्या प्रश्नावर नोकरी ठरते तो बहुधा उमेदवाराच्या ज्ञानाविषयी नसतो. एवढ्या मानधनात तुमचे भागेल काय, हा तो प्रश्न असतो.

शासकीय जागांपुरते पाहिले, तर चित्र स्पष्ट आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. राज्यातही गट 'क' व 'ड' ची भरती लेखी परीक्षेवर आली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ही परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएस या संस्थांमार्फत संगणकावर घेण्याचे धोरण ठरले. मुलाखतीच्या गुणांत होणारी ओढाताण त्यामुळे थांबली, हे मान्यच करावे लागेल. मराठी, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि बुद्धिमापन यांच्या कसोटीवर उमेदवार तावून-सुलाखून निघतो. समोर आलेल्या म्हाताऱ्या वाचकाशी दोन शब्द नीट बोलता येतात की नाही, हे मात्र संगणकाला कळत नाही.

जिल्ह्यातील बहुसंख्य वाचकांचा संबंध येतो तो दुसऱ्या दाराशी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. या कायद्याने ग्रंथालय संचालनालय आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी ही यंत्रणा उभी राहिली. गावोगावची ग्रंथालये मात्र नोंदणीकृत संस्थांच्या हाती राहिली. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास आणि सेवकवर्ग पाहून त्यांना 'अ', 'ब', 'क', 'ड' असे वर्ग मिळतात व वर्गानुसार अनुदान मिळते. साहजिकच तेथील ग्रंथपाल हा शासनाच्या पैशावर जगणारा, परंतु शासनाचा नसलेला नोकर ठरला. त्याला वेतनश्रेणी नाही आणि निवृत्तिवेतनही नाही.

आकडे बोलके आहेत. २०१२ मध्ये परिरक्षण अनुदानात ५० टक्के वाढ झाली आणि 'ड' वर्ग ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान २० हजारांवरून ३० हजारांवर गेले. त्यानंतर दहा वर्षे काहीच हलले नाही. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली, ठळक बातम्या आल्या आणि 'ड' वर्गाचे अनुदान ४८ हजार झाले. साधारणतः यातील निम्मी रक्कम वेतनासाठी धरली जाते. म्हणजे वर्षाला २४ हजार, महिन्याला दोन हजार रुपये! २०२४-२५ मध्ये रोजगार हमीच्या कामावर राज्यात दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. गावाचा ग्रंथपाल महिनाभरात जे कमावत होता, ते मजूर सात दिवसांत कमावत होता.

वरच्या वर्गांत परिस्थिती थोडी बरी आहे, पण थोडीच. त्याच वाढीनंतर गावपातळीवरील 'क' वर्ग ग्रंथालयाचे अनुदान १ लाख ५३ हजार ६०० झाले. वेतनाच्या वाट्याला महिन्याला सहा हजार चारशे आले. तालुक्याच्या 'अ' वर्ग ग्रंथालयाचे अनुदान ६ लाख १४ हजार ४०० झाले. वेतनासाठी महिन्याला सुमारे साडेपंचवीस हजार. ही रक्कम एकट्या ग्रंथपालाची नव्हे. सहायक, लिपिक आणि शिपाई यांच्यासह सर्वांनी ती वाटून घ्यायची असते. टक्केवारीने वाढ कितीही मोठी दिसली, तरी मुळातील रक्कमच तुटपुंजी असेल तर हाती येणारा पैसा तुटपुंजाच राहणार.

या पार्श्वभूमीवर मुलाखतीच्या खोलीत काय घडते, हे समजून घेता येते. पाठ करून आलेला उमेदवार रंगनाथन यांचे पाच सिद्धांत, ड्युईचे दशांश वर्गीकरण, तालिकीकरण, ई-ग्रंथालय प्रणाली यांची उजळणी मनात करीत असतो. मंडळाला हवा असतो दप्तर सांभाळणारा माणूस. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद वर्गणीच्या पावत्या, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण यांपैकी एक कागद हुकला की तपासणीत शेरा बसतो आणि शेरा बसला की अनुदान अडकते. त्यामुळे विचारले जाते ते असे, की घर गावातच आहे ना, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जमेल ना, दुसरीकडे नोकरी लागली तर मध्येच सोडून तर जाणार नाही ना. विवाहित स्त्रीला घरच्या जबाबदारीविषयीही विचारले जाते. तो प्रश्न पुरुषाच्या वाट्याला क्वचितच येतो.

मंडळांना सरसकट दोष देणेही न्याय्य नव्हे. पदरमोड करून दिवाबत्ती चालविणारे कार्यवाह मराठवाड्यात आजही आहेत. पण याच व्यवस्थेत आप्तस्वकीयाला ग्रंथपाल दाखवून कपाटाला कुलूप लावणारेही निपजले. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी झाली तेव्हा कागदावरची ग्रंथालये उघडी पडली. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गबदल अनेक वर्षे गोठविण्यात आले. शिक्षा झाली ती सर्वांना. वाचक वाढवून, ग्रंथ वाढवून 'ड' चा 'क' करू पाहणाऱ्या ग्रंथपालाचा उत्साहही त्यात गोठला.

पात्रता चढती, पगार पडता

वर्ग जसा वरचा, तशी ग्रंथपालाची अर्हताही वरची अपेक्षिली जाते. खालच्या वर्गासाठी ग्रंथालय प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र चालते, वर जाताना ग्रंथालयशास्त्राची पदवी लागते. हीच पदवी, पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण केलेला माणूस महाविद्यालयात ग्रंथपाल झाला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी घेतो. सार्वजनिक ग्रंथालय मग स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता दोन वर्षे काढायचा थांबा होऊन बसते. वाचकांची आवड ओळखायला शिकलेला ग्रंथपाल जातो आणि नव्या माणसापासून पुन्हा श्रीगणेशा. व्यंकप्पा पत्की समिती झाली, प्रभा राव समिती झाली. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींची मागणी दर अधिवेशनात ठरावाच्या रूपाने येते, पण निर्णय होत नाही.

शेजारी पाहण्यासारखे आहे. बीडप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेला बिदर जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत कर्नाटकाकडे गेला. तेथील १९६५ च्या कायद्याने ग्रंथालय उपकराची तरतूद केली आणि सार्वजनिक ग्रंथालयांसाठी स्वतंत्र खाते उभे केले. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. कर्नाटकातही ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांतील सेवक दीर्घकाळ मानधनावर राबले, हे खरे. तेथे सारे आलबेल आहे असे नाही. पण अनुदानवाढीसाठी वित्त विभागाच्या मर्जीकडे पाहत दहा वर्षे काढणे आणि कराचा ठरलेला वाटा असणे, यांत फरक आहेच.

२०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८५ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातील गावे त्या काळात निम्मी रिकामी होतात. आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर बसायला जागा आणि हाती घ्यायला पुस्तक देणारी गावातील एकमेव सार्वजनिक खोली कोणती असू शकते, हे सांगायला नको. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराज आणि दासोपंतांची परंपरा आहे आणि जेथे स्वामी रामानंद तीर्थांनी शाळेत शिकविले, त्या अंबाजोगाईच्या जिल्ह्यात ही खोली उघडणारा माणूस तुटपुंज्या मानधनावर टिकवायचा आहे.

मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवाराने म्हणूनच काही प्रश्न स्वतःही विचारलेले बरे. ग्रंथालयाचा वर्ग कोणता, मागील लेखापरीक्षणात कोणते शेरे आले, वर्गणी व देणगीतून संस्थेचे स्वतःचे उत्पन्न किती, पगार बँक खात्यात जमा होतो की व्हाउचरवर सही घेऊन हातात दिला जातो. आणि एक प्रश्न तर हमखास विचारावा. अनुदान वर्षाला दोन हप्त्यांत येते. पहिला हप्ता येईपर्यंतच्या महिन्यांचा पगार संस्था कोठून देते?