पोर्टफोलिओच्या नावाखाली लूट

नावाजलेली मॉडेलिंग एजन्सी काम मिळाल्यावर मानधनातून कमिशन कापते. पोर्टफोलिओ, नोंदणीच्या नावाखाली आधीच हजारो रुपये मागणारी एजन्सी दिसली की सावध व्हा. आपल्या वस्त्यांतले आईबाप व्याजाने पैसे काढून ही फी भरतात. काम मिळत नाही. तक्रार केली तर एजन्सी अब्रुनुकसानीची धमकी देते आणि पोलीस 'हा दिवाणी वाद आहे' म्हणून परत पाठवतात.

बांधवांनो, भिऊ नका. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही कायद्याने बदनामी ठरत नाही. मुळातच फसवण्याचा हेतू असेल तर तो फौजदारी गुन्हा आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत दाद मागता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावती, करारपत्र, मेसेज मात्र जपून ठेवा.

मुलगी एकटी ठाण्यात गेली की तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवले जाते. म्हणून विहारात बसून अर्ज लिहा, दहाजण सोबत जा, पोच घेतल्याशिवाय उठू नका. बाबासाहेबांचे 'संघटित व्हा' हे केवळ मोर्चापुरते नाही.