चिकटवही कुणाची?

मागच्या महिन्यात रात्रपाळी सुटली नि तसाच हिंगणघाटहून वर्धेला गेलो. अंगाला खळीचा वास. बहिणीच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. काचेखाली एक चिकटवही उघडून ठेवलेली. शंभर वर्षांपूर्वीच्या कुण्या कॉलेजकन्येची. त्यात नाटकाचा कार्यक्रम, स्नेहसंमेलनाचा पास, मैत्रिणींच्या सह्या, एक वाळलेलं फूल. खाली पाटी : 'आपल्या पणज्या शिकू लागल्या.'

आपल्या? कोणाच्या, बाप्पा?

त्या पोरीशी माझं भांडण नाही. तिलाही घरच्या सोवळ्याशी झगडावं लागलं असेल. विधवेशी लग्न केलं म्हणून कर्व्यांनाही मुरूडच्या जातवाल्यांनी वाळीत टाकलं होतं. त्याच कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. मान्य. माझं भांडण पाटीशी आहे.

त्या सालांत माझी पणजी जिनात कापसाची ओझी वाहत होती. तिची सही अंगठ्याची. ती कुठं चिकटवायची?

प्रदर्शनासाठी प्रत्येकीनं घरातली जुनी वस्तू आणायची होती. बहीण रिकाम्या हातानं गेली. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या लोकांना जपून ठेवायची सवयच नाही." बहीण घरी येऊन जेवली नाही. मॅडम, जपायला पेटी लागते. पेटीला घर लागतं. घराला गावकुसाच्या आत जागा लागते. ती कोणी दिली नव्हती?

अन् आमच्या बाया शिकल्याच नाहीत हे कोण म्हणतं? मुक्ता साळवे. मांगाची पोर, वय चौदा, फुल्यांच्या शाळेतली. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, 'ज्ञानोदया'त छापून आला. तुमच्या चिकटवहीच्या कितीतरी आधी! अन् इथं जवळ, नागपुरात, जाईबाई चौधरी. स्टेशनावर हमाली केली, कामठीपर्यंत डोक्यावर ओझी नेली. मिशनरी बाईनं शाळेत नोकरी दिली, तर अस्पृश्य बाई आमच्या लेकरांले शिकवते म्हणून ओरड झाली, नोकरी गेली. १९२२ साली तिनं स्वतःच चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिथं या बायांची जेवणाची पंगत वेगळी मांडली. शिकलेल्या बायांनी! १९४२ च्या जुलैत त्याच नागपुरात आमच्या बायांची स्वतःची परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर बाबासाहेब, अन् पंचवीस हजार बाया.

हे सगळं आज माहीत आहे, कारण मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार म्हाताऱ्या बायांच्या दारोदार फिरल्या. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. ती आमची चिकटवही. कागद नव्हता तिथं त्यांनी तोंडचं बोलणं चिकटवलं.

मित्रांनो, नुसतं रागावून भागणार नाही. म्हाताऱ्या मरून राहिल्या. प्रत्येकीसंगं एक वही जळते. आज घरी जा, आजीजवळ बसा, विचारा : शाळेच्या दारातून तुले कोण हाकललं? लिहून घ्या. स्कॉलरशिपचा फॉर्म, मिलची पगारचिठ्ठी, परिषदेची पावती, सापडेल ते ठेवा.

मी सायझिंग खात्यात आहे. रोज सुताला खळ लावतो. चिकटवायची विद्या मला येते. पहिलं पान बहिणीचं : मॅडमचं ते वाक्य, तारीख टाकून.