तुमच्या टेबलावर ती बाटली नको

मधुमेहाचा जुना रुग्ण तपासणीला येतो तेव्हा त्याच्या पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या असतात, लॅबचा रिपोर्ट असतो, कधी आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी असते. घरच्या फडताळातली रसाची बाटली मात्र तो आणत नाही. आपण विचारत नाही आणि तो सांगत नाही. जळगाव-धुळ्यात दवाखाना चालवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी या बाटल्या पाहिल्या आहेत: नोनी, कारले-जांभूळ, कोरफड, गव्हांकुर, गुळवेल. किंमत हजाराच्या आसपास, मात्रा सकाळ-संध्याकाळ तीस मिली. विकणारा माणूसही परका नसतो. तो शाळेतला सर असतो, कॉलनीतले काका असतात, नाहीतर सख्खा साडू असतो. या महिन्याचे संपादकीय या बाटलीवर लिहीत आहोत, कारण ती रुग्णाच्या घरी पोहोचते त्या वाटेवर काही ठिकाणी आपलेच टेबल लागते.

यातल्या सर्वांत महागड्या रसाची, नोनीची, गोष्ट आधी नीट समजून घेऊ. नोनी म्हणजे मोरिंडा सिट्रिफोलिया. आपल्याकडे या झाडाला बारतोंडी किंवा आल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मध्य भारत आणि वऱ्हाड-खानदेशाच्या पट्ट्यात आलची शेती होत असे ती मुळांसाठी. मुळांतून तांबडा रंग निघे आणि त्यात खारव्याचे जाडेभरडे कापड रंगवले जाई. १८६९ नंतर कारखान्यात बनवलेले अलिझारीन आले आणि हा धंदा बसला. फळाला वास इतका उग्र की हौसेने कोणी तोंडाला लावू नये. या फळाचा रस जगभर विकण्याची कल्पना अमेरिकेतल्या युटा राज्यात १९९६ साली सुरू झालेल्या मोरिंडा कंपनीची. विक्री दुकानातून नव्हती, साखळी पद्धतीने होती. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, अॅरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि टेक्सास या राज्यांच्या महाधिवक्त्यांनी कंपनीला गाठले. हा रस मधुमेह, नैराश्य, संधिवात बरा करतो असे दावे पुराव्याशिवाय केले जात होते. ते थांबवण्याचे कंपनीला मान्य करावे लागले. आज आपल्या गावात वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर आजारांची यादी याहून लांब असते.

पत्रकात 'झेरोनीन' नावाचा एक घटक हमखास असतो. हा शब्द राल्फ हाइनिके या संशोधकाचा. अननसावर काम करताना त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९८५ च्या सुमारास ती नोनीला जोडली. या रेणूची रचना स्वतंत्रपणे कोणी सिद्ध केलेली नाही आणि जीवरसायनशास्त्राच्या कोणत्याही मान्य पाठ्यपुस्तकात तो तुम्हाला सापडणार नाही. कॅन्सरचा दावाही असाच तपासावा लागतो. त्याचे मूळ हवाई विद्यापीठातल्या १९९४ च्या एका प्रयोगात आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांच्या पोटात सोडल्या, नोनीचा रसही पोटाच्या पोकळीतच टोचला, आणि ते उंदीर जास्त जगले. टोचलेला रस आणि प्यायलेला रस यांत काय फरक आहे, हे इथे कोणाला समजावण्याची गरज नाही. पुढे हवाईतच बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना सुकवलेल्या नोनीच्या कॅप्सूल देऊन पाहण्यात आल्या. गाठी लहान झाल्या नाहीत. युरोपीय संघाने २००३ मध्ये नोनीच्या रसाला नवे खाद्य म्हणून परवानगी दिली खरी, पण त्याआधी २००२ च्या अखेरीस त्यांच्या वैज्ञानिक समितीने स्पष्ट लिहिले होते की इतर फळांच्या रसांपेक्षा याचा आरोग्याला काही खास जास्त फायदा होतो असा पुरावा नाही. परवानगी दाखवताना विक्रेते हे वाक्य दाखवत नाहीत.

फायदा नाही, पण तोटा तरी काय, असे काही सहकारी म्हणतात. खानदेशात हा प्रश्न मूत्रपिंडाच्या रुग्णापासून सुरू करावा लागेल. डायलिसिसवरच्या किंवा क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाला रावेर-यावलच्या पट्ट्यात आपण पहिली गोष्ट सांगतो ती केळी बंद करण्याची. ज्या घरात केळीचे घड उतरतात त्या घरातल्या माणसाला हे पाळणे किती जड जाते ते आपण पाहतो. आणि त्याच माणसाला आपण बाटलीबद्दल विचारत नाही. २००० साली मूत्रपिंडविकारावरच्या एका अमेरिकी नियतकालिकात मूत्रपिंड कमकुवत असलेल्या एका रुग्णाची नोंद आली. आहारातले पोटॅशियम कटाक्षाने कमी करूनही त्याच्या रक्तातले पोटॅशियम चढलेलेच राहत होते. शेवटी नोनीचा रस सापडला. तपासणीत त्या रसात लिटरमागे ५६ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम निघाले, म्हणजे संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसाइतके. हिशेब प्रामाणिकपणे करू. तीस मिलीत ते दोनसुद्धा भरत नाही. पण 'किडनी साफ होईल' म्हणून दिवसाला दोनशे मिली प्यायला सांगितले, तर अकरा मिलिइक्विव्हॅलंट होतात. शंभर ग्रॅम केळ्यात साधारण नऊ असतात. केळी सोडायला लावून आपण त्याच्या घरात केळी तशीच राहू दिली, असा त्याचा अर्थ.

यकृताबद्दल अधिक जपून बोलायला हवे. २००५ मध्ये ऑस्ट्रियातून नोनी घेणाऱ्या रुग्णांमध्ये तीव्र यकृतदाहाच्या काही नोंदी आल्या. त्यांतल्या एकाला यकृतप्रत्यारोपण करावे लागले. २००६ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्या तपासून कारण नोनीच असण्याची शक्यता कमी आहे, असे मत दिले. तेव्हा नोनीने यकृत जाते असे आपण रुग्णाला सांगू नये. घाबरवण्यासाठी अर्धवट पुरावा वापरला तर आपल्यात आणि पत्रक वाटणाऱ्यात फरक उरत नाही. मात्र कारण न सापडणारी कावीळ किंवा वाढलेली एन्झाइम्स दिसली तर रसांची आणि काढ्यांची चौकशी झालीच पाहिजे. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमधल्या यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली. ते सगळे रुग्ण २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांतले, कोविडच्या धास्तीने 'इम्युनिटी' वाढवू पाहणारे. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद पुढे चालू राहिला, पण प्रश्न विचारायचा की नाही याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. कडू दुधीच्या रसाबाबत तर संशयाला जागाच नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने चव कडू लागली तर तो रस टाकून द्या, असे बजावले आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्याच्या हातात कुठलाही नवा रस दिसला तर आयएनआर करून घ्या.

आणि साखर. फळाचा रस कितीही महाग असला तरी त्यातली साखर ही मोकळी साखरच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. बीएमजेत २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात तीन मोठ्या अमेरिकी गटांतल्या १,८७,३८२ लोकांची माहिती पाहिली गेली. अख्खी द्राक्षे, सफरचंद, ब्लूबेरी खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी दिसला आणि फळांचा रस पिणाऱ्यांत तो जास्त दिसला. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या केळीच्या जिल्ह्यात, पेरू, पपई, लिंबू, मोसंबी बांधावर मिळणाऱ्या मुलखात, मधुमेही माणसाने फळ मोजून-मापून चावून खाण्याऐवजी बाटलीतून त्याचा रस विकत घ्यावा, याचे मनापासून वाईट वाटते. तेवढ्या पैशांत शेतमजुराची तीन-चार दिवसांची मजुरी जाते. मेटफॉर्मिनची जेनेरिक गोळी दोन रुपयांच्या आसपास मिळते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट आहे.

मग माणसे बाटली का घेतात? 'अडाणीपणा' हे उत्तर आपल्या सोयीचे आहे, पण खरे नाही. घेणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. 'गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल' हे वाक्य आपण अर्ध्या मिनिटात उच्चारतो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. गोळ्यांनी किडनी खराब होते ही भीती त्याच्या मनात तशीच राहते. बाटली घेऊन येणारा माणूस त्याच्या ओट्यावर तासभर बसतो, घरच्यांची चौकशी करतो, आईचे गुडघे विचारतो. तो ऐकतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. शिवाय अनुभव खोटे नसतात. रस सुरू करताना लोक बहुधा चहातली साखर सोडतात, सकाळी चालायला लागतात, गोळ्याही चुकवत नाहीत. दीड महिन्याने साखर उतरते आणि श्रेय बाटलीला जाते. साखर सर्वांत चढलेली असते तेव्हाच माणूस नवा उपाय शोधतो, आणि तिथून ती थोडी खाली येणारच असते. रसविक्रीच्या पुढच्या बैठकीत हाच माणूस माइकवर उभा राहतो. तो खोटे बोलत नाही. त्याच्याकडून जे निसटले ते सांगणे हे आपले काम आहे.

आता आपल्याकडे वळतो. मंगल कार्यालयातल्या या बैठकांत मंचावर एक 'डॉक्टर' बसवलेला असतो, कारण त्याच्या नावापुढची पदवी साऱ्या पत्रकांपेक्षा जास्त विकते. काही दवाखान्यांत औषधांच्या कपाटात या बाटल्या मांडलेल्या असतात. काही ठिकाणी कंपाउंडर किंवा घरातली व्यक्ती 'वितरक' असते आणि चिठ्ठीच्या खाली रसाचे नाव येते. यावर कडक बोललेच पाहिजे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार नोंदणीकृत डॉक्टरला आपले नाव, सही किंवा फोटो कोणत्याही औषधाच्या वा व्यापारी उत्पादनाच्या जाहिरातीसाठी देता येत नाही, मोबदला घेऊन नाही आणि न घेताही नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल वा शिफारशीबद्दल कमिशन घेणे निषिद्ध आहे. आपल्या वाचकांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे सहकारी मोठ्या संख्येने आहेत. त्यांनाही आपापल्या परिषदेचे आचारनियम आहेत. वैद्य मित्रांना आणखी एक सांगावेसे वाटते. रुग्णाची प्रकृती, अग्नी, ऋतू पाहून औषध ठरवणे हा तुमच्या शास्त्राचा कणा आहे. एकच बाटली, एकच मात्रा, साऱ्या गावाला आणि साऱ्या रोगांना, हे त्या शास्त्राशी जुळत नाही. आयुर्वेदाचे नाव घेऊन ती विकली जाते तेव्हा सर्वांत आधी तुम्ही उभे राहायला हवे.

कायदा आपण समजतो त्यापेक्षा बळकट आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ५४ रोगांची अनुसूची आहे. त्यात मधुमेह आहे, कॅन्सर आहे, रक्तदाब आहे, लठ्ठपणा आहे. हे रोग बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'आम्ही जाहिरात केलीच नाही' हा बचाव नेहमी पुढे येतो, कारण बाटलीवर काही लिहिलेले नसते. उलट पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावेच लागते. पण या कायद्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही येते. कार्यालयात माइकवरून केलेला दावा जाहिरातच ठरतो. आणि एखादा पदार्थ रोग बरा करण्यासाठी म्हणून दिला, की त्या कायद्यापुरता तो औषध होतो, लेबलावर काहीही असो. अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी घातली आणि वितरकाने केलेल्या विक्रीतून येणाऱ्या तक्रारींची जबाबदारी कंपनीवर टाकली. तक्रार घेणारे अन्न व औषध प्रशासन जळगावातही आहे आणि धुळ्यातही. तक्रार टिकते ती कागदावर: पत्रक, बिल, मोबाइलवर आलेला संदेश, बाटलीचा फोटो. रुग्णाकडून या गोष्टी मागून घ्या.

रुग्णाशी बोलताना आवाज चढवू नका. ज्याने पंधरा हजारांचा माल घेतला आहे त्याला मूर्ख ठरवले, तर तो बाटली सोडणार नाही, आपल्याला सोडेल. केसपेपरवर औषधांच्या रकान्याखाली 'घरी आणखी काय पिता, काय घेता' हा एक रकाना छापून घ्या, आणि उत्तर आले की नाव, मात्रा, कधीपासून, कोणी दिले, एवढे लिहा. विकणाऱ्यांतही बरेच जण आपलेच रुग्ण आहेत. वर्गणीच्या आणि मालाच्या पैशात ते अडकलेले असतात, पॉइंट पुरे करण्यासाठी स्वतःच बाटल्या पीत असतात. त्यांची साखर आणि क्रिएटिनिन आधी तपासा.

यकृताची एन्झाइम्स किंवा पोटॅशियम वाढलेला असा रुग्ण आढळला तर रस थांबवून पुन्हा तपासणी करा आणि राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे कळवा. वनस्पतीजन्य उत्पादनांच्या नोंदी तिथे घेतल्या जातात. मोफत दूरध्वनी १८००-१८०-३०२४. रुग्णाचे नाव-गाव वगळून तीच नोंद लेबलाच्या फोटोसह आमच्याकडेही पाठवा. पुढच्या अंकापासून त्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.