पंगतीचीं पातेलीं आणि मज्जापेशी

मुंजी-लग्नाच्या पंगतींत अन्नापेक्षां वाढावयाचीं भांडींच कमी पडतात, हें पालमच्या आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. चुलीवर वरण भरपूर असतें. परंतु रिकामीं पातेलीं मुदपाकखान्यांत परत येऊन भरलीं जात नाहींत, तोंवर वाढप्यांचा इलाज चालत नाहीं. मज्जापेशींचाही व्यवहार असाच आहे.

एका मज्जापेशीचा निरोप दुसरीस पोंचतो तो रासायनिक द्रव्याच्या रूपानें. हें द्रव्य पेशीच्या टोकाशीं अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेलें असतें. पिशवीचा व्यास सुमारें 40 नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरांत अशा 25,000 पिशव्या ओळीनें बसाव्या! आज्ञा होतांच पिशवी पेशीच्या आवरणाशीं एकजीव होते व द्रव्य बाहेर सांडतें. मग त्याच आवरणाचा तुकडा आंत ओढून, त्याचा देंठ खुडून, पेशी नवी पिशवी भरते. कामाची फारच घाई उडाली म्हणजे एकेक पिशवी वेंचण्यास सवड नसते; तेव्हां आवरणाची मोठी घडीच आंत घेऊन तिच्यांतून मागाहून पिशव्या पाडल्या जातात.

हें उकललें तें पुष्कळसें केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांमुळें. 1973 सालीं ‘शिबिरे’ नांवाचें एक वाण वर्णिलें गेलें; या जपानी शब्दाचा अर्थ बधिर होणें. हें चिलट 29 अंशांच्या वर नेलें कीं लुळें पडतें आणि गारव्यांत आणतांच पुन्हां उडूं लागतें. (पालमची होळीनंतरची कोणतीही दुपार त्यास पुरे!) देंठ खुडणारें ‘डायनॅमिन’ हें प्रथिन त्याच्यांत उष्णतेनें निकामी होतें व पिशव्यांचा सांठा सरतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी यांनीं सेमूर बेंझर यांच्यासह अशा उष्णतेनें लुळ्या पडणाऱ्या चिलटांवर 1976 सालीं निबंध प्रसिद्ध केला. पुढें 2001 सालीं त्याच संस्थेचे के. एस. कृष्णन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, डायनॅमिनला लागणारें ‘जी.टी.पी.’ हें इंधन पुरविणारें एक स्वतंत्र विकर असून त्यावांचून पिशव्यांचा हा फेरा नीट चालत नाहीं.

हा केवळ चिलटांचा खेळ नव्हे. मनुष्याच्या डायनॅमिनच्या एका जनुकांतील बिघाडामुळें कांहीं बालकांस तान्हेपणींच दुर्धर झटके येतात व त्यांची वाढ खुंटते, असें 2014 सालीं आढळून आलें. बहुतेकांत हा बिघाड त्या मुलांतच नव्यानें उद्भवलेला असतो. आईच्या वा वडिलांच्या रक्तांत तो सांपडत नाहीं. असें असतां, ‘ग्रहणांत भाजी चिरली होतीस काय?’ असें त्या दुर्दैवी मातेस विचारणारीं वडीलधारीं माणसें चांगल्या शिकलेल्या घरांतूनही आम्हीं पाहिलीं आहेत. सारेच झटके या कारणाचे नसतात. कोणाचे कशाचे, हें मेंदूच्या विकारांचे डॉक्टर तपासून ठरवितात. जनुकांच्या तपासणीचा कागद हातीं आला, म्हणजे तो सुनेबरोबर सासूबाईंसही बसवून वाचून दाखवावा.