नाव गावच्या यादीत, मुक्काम पुण्यात

फेब्रुवारी २०२३. पुण्यात स्पर्धा परीक्षेची हजारो मुले-मुली रस्त्यावर बसली होती. राज्यसेवा परीक्षेची नवी वर्णनात्मक पद्धत यंदापासून लादू नका, २०२५ पासून लागू करा, एवढीच त्यांची मागणी होती. नेत्यांची रीघ लागली, आश्वासने झाली आणि २३ तारखेला लोकसेवा आयोगाने २०२५ हे वर्ष मान्य केले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, कसबा पेठ मतदारसंघात पोटनिवडणुकीचे मतदान होते. अभ्यासिकांनी गजबजलेल्या सदाशिव आणि नारायण या पेठा त्याच मतदारसंघात येतात.

आयोगाच्या निर्णयामागे पोटनिवडणूकच होती, असे ठामपणे कुणी म्हणू शकणार नाही. पण मतदान तोंडावर असताना सत्ताधारी आणि विरोधक दोघांचेही कान किती तिखट होतात, हे त्या आठवड्यात पुण्याने पाहिले. त्याच मुलांना ‘तुझे मतदान कुठे?’ असे विचारले, की उत्तरात बहुतेकदा बीड, नांदेड, परभणी, धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचे नाव येते. चार-चार, पाच-पाच वर्षे ज्या शहरात खोलीचे भाडे भरायचे, मेसचे वाढते दर सोसायचे, तिथल्या यादीत नाव नाही. ज्या गावात नाव आहे तिथे मतदानाच्या दिवशी जाणे होत नाही. आंदोलनात हजारोंनी दिसणारा हा वर्ग मतमोजणीच्या टेबलावर मात्र दिसत नाही.

येत्या निवडणुकीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मतदान करावे असे म्हटले की काही आक्षेप ठरल्यासारखे पुढे येतात. त्यातला सर्वांत जुना आक्षेप मोठ्यांचा असतो: पोरांना राजकारणातले काय कळते, आधी शिकू द्या.

हा आक्षेप शंभर वर्षांपूर्वीही होता, फक्त तो गरिबांविरुद्ध आणि निरक्षरांविरुद्ध वापरला जात असे. ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यातच सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली. प्रौढ मताधिकाराची त्यांची मागणी तेव्हा अनेकांना अतिरेकी वाटली. मतासाठी मालमत्ता हवी, शिक्षण हवे, असे मानणाऱ्यांचा तो काळ. ज्याला रोजचे जगणे सोसावे लागते त्याला आपले हित कळते, ही त्या मागणीमागची भूमिका होती आणि पुढे राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा वयाची अट २१ ठेवली गेली. ६१ व्या घटनादुरुस्तीने ती १८ वर आणली आणि २८ मार्च १९८९ पासून हा बदल लागू झाला. अठराव्या वर्षी कळते की नाही, हा वाद संसदेने तेव्हाच निकालात काढला आहे.

आणि मुलांना राजकारण कळत नसेल, तर ते कळण्याची जागा कुणी बंद केली? १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याची हत्या झाली. त्यानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका थांबवल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, तरी प्रत्यक्षात त्या लांबणीवरच पडत गेल्या. हिंसा रोखायलाच हवी होती. पण त्यासाठी पिढ्यान् पिढ्यांकडून वर्गप्रतिनिधी निवडण्याचा साधा सरावही काढून घेतला आणि वर त्यांनाच अजाण ठरवले, हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप मुलांचाच: माझ्या एका मताने काय होणार? याला आकड्यांनीच उत्तर द्यावे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी अमोल कीर्तिकरांना ४८ मते कमी पडली. वसतिगृहाच्या एका मजल्यावर याहून जास्त मुले राहतात. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये १६२ मतांनी, साकोलीत २०८ मतांनी आणि बेलापूरमध्ये ३७७ मतांनी निकाल लागला. राजस्थानात २००८ मध्ये सी. पी. जोशी नाथद्वाऱ्यातून एका मताने हरले. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना समसमान मते पडली आणि नगरसेवक ईश्वरचिठ्ठीने ठरला. प्रभाग जितका लहान तितके मत जड. म्हणून ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेच्या निवडणुकीत विद्यार्थ्यांनी जास्तच लक्ष घालायला हवे.

तिसरा आक्षेप थोडा गंभीर आहे. सगळेच पक्ष सारखे, कोणीही आमच्या लायकीचा नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पक्ष फुटले, चिन्हे बदलली, सकाळचे सोबती संध्याकाळी विरोधात गेले. पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलीला याची किळस वाटली, तर तिला दोष देता येत नाही. मात्र ही किळस घरी बसून व्यक्त केली की तिची कुठेच नोंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर यंत्रावर ‘नोटा’चे बटण आले ते याच भावनेला नोंद मिळावी म्हणून. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला धीरज देशमुख निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणताही उमेदवार नव्हता. तिथे २७,५०० मतांसह ‘नोटा’ होता. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने तर नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाली तर फेरनिवडणूक घेण्याची तरतूद केली. नाकारण्यासाठीसुद्धा केंद्रावर जावे लागते.

चौथी अडचण सर्वांत खरी आहे. तिला आक्षेप म्हणणेही चूक ठरेल. पुण्यात राहणाऱ्या नांदेडच्या मुलाचे नाव गावात. लोकसभेला नांदेडचे मतदान होते २६ एप्रिल २०२४ ला, ऐन परीक्षांच्या हंगामात. एक रात्र एसटीत जायची, एक परतायची, तिकिटाचे पैसे वेगळे. टपाली मतदानाची सोय सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना आहे, विद्यार्थ्याला नाही. स्थलांतरितांना राहत्या ठिकाणाहून मत देता यावे यासाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. पक्षांचे आक्षेप आले आणि तो तिथेच अडकला. इथे व्यवस्थेचा दोष आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. ज्या विद्यार्थ्याकडे गावी जाण्याचे पैसे नव्हते त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा नांदेडपर्यंतचा रात्रीचा प्रवास साध्या एसटीने करून पाहावा.

पण या अडचणीवर कायद्यात एक वाट आहे आणि ती बहुतेक महाविद्यालयांत कुणी सांगतच नाही. मतदार म्हणून नाव कुठे असावे, याची कसोटी जन्मगाव ही नाही. माणूस सर्वसाधारणपणे जिथे राहतो ते ठिकाण, ही कसोटी आहे. वसतिगृहात किंवा मेसमध्ये राहून शिकणाऱ्याला निवडणूक आयोगाने स्पष्ट पर्याय दिला आहे: आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर नाव ठेवा किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर घ्या. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा. मतदार नोंदणीच्या सहा नंबरच्या अर्जासोबत प्राचार्य, कुलसचिव किंवा अधिष्ठात्यांचे बोनाफाईड प्रमाणपत्र जोडायचे. गावी आधीच नोंदणी असेल तर आठ नंबरचा अर्ज भरून ते नाव नव्या पत्त्यावर हलवता येते. दोन ठिकाणी नाव ठेवणे मात्र गुन्हा आहे. कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेपुरते भाडे भरून खोलीत राहणाऱ्याला पत्त्याच्या पुराव्यासाठी जरा जास्त धावपळ करावी लागते, घरमालक भाडेकरार द्यायला कचरतो, हे खरे. तरी याच नियमांत बेघर माणसासाठीही जागा आहे. तो जिथे झोपतो तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन खात्री करतो आणि त्याचे नाव यादीत येते. पदपथावर झोपणाऱ्याचा पत्ता जो कायदा मान्य करतो, तो विद्यार्थ्याचा पत्ता नाकारणार नाही.

वयाची सबबही आता उरलेली नाही. पूर्वी फक्त १ जानेवारीला १८ वर्षे पूर्ण असावी लागत. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात आणि १७ पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्जही करता येतो. एवढे असूनही २०२४ च्या लोकसभेआधी देशाच्या ९६ कोटी ८८ लाख मतदारांत १८-१९ वर्षांचे फक्त १ कोटी ८४ लाख होते. या वयाची निम्मी मुलेसुद्धा यादीपर्यंत पोहोचली नव्हती.

त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळपास ७२ टक्के मतदान झाले. तिथे काही भागांत सुरक्षेपायी दुपारी तीनलाच मतदान थांबवावे लागते, मतदान पथके हेलिकॉप्टरने पोहोचवावी लागतात. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या पुण्यात संध्याकाळी सहापर्यंत वेळ होता आणि मतदान झाले साडेत्रेपन्न टक्के. पुण्याने हे मनाला लावून घ्यायला हवे.

मत कशाला हवे, याचे उत्तर पुण्याच्याच महापालिकेत सापडते. मार्च २०२२ मध्ये तिची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या वर्षी पदवीला प्रवेश घेतलेली मुलगी पदवीधर होऊन बाहेर पडली, तरी तिच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. वसतिगृहासमोरचा दिवा बंद असला, बस वेळेवर येत नसली, तर सांगायचे कुणाला? लोकप्रतिनिधी नसणे म्हणजे काय, हे या पिढीने पुस्तकात वाचलेले नाही, भोगले आहे.

दुसरे उदाहरण राज्याचे. २०२४ च्या विधानसभेआधी ‘लाडकी बहीण’ योजना आली, दरमहा दीड हजार रुपयांची. प्रचारात एका बाजूने एकवीसशेचे, दुसऱ्या बाजूने तीन हजारांचे आश्वासन दिले. योजनेच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात, पण स्त्रियांच्या मतांचे वजन सगळ्यांनी ओळखले होते, यात शंका नाही. त्या योजनेत वयाची खालची मर्यादा २१ होती. १८ ते २० वयाची मुलगी मतदार आहे, तरी ती त्या हिशेबात बसली नाही. रखडलेला शिष्यवृत्तीचा हप्ता, अपुरी वसतिगृहे, वर्षानुवर्षे रिक्त असलेली प्राध्यापकांची पदे हे विषय प्रचाराच्या भाषणात ओझरते येऊन जातात. कारण या विषयांपायी मते जातील, अशी भीती उमेदवाराला अजून वाटलेली नाही.

तेव्हा प्राचार्यांनी मतदार दिनाची शपथ देऊन थांबू नये. प्रवेशाच्या खिडकीवरच सहा नंबरचा अर्ज ठेवावा आणि बोनाफाईडसाठी मुलांना खेटे घालायला लावू नयेत. पालकांनी ‘गावातले नाव काढू नको’ म्हणून अडवू नये. शिक्षण संपल्यावर ते परत आणता येते. आणि विद्यार्थ्यांनी निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीत नवे नाव जात नाही. स्थानिक निवडणुकांत तर राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या आधीच्या तारखेची यादीच धरली जाते. मतदार नोंदणीचे कार्यालय उद्या उघडे आहे. बोनाफाईड मागून घ्या, अर्ज भरा आणि खोलीतल्या जोडीदारालाही सोबत न्या.